खाचराचा तळ

तीन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात, माझ्या थोरल्या भावाने आमच्या मोठ्या भातखाचरात ट्रॅक्टरने खोल नांगरट केली. काम सकाळी सुरू झालं आणि जेवणाआधी संपलं. त्याच वर्षी श्रावणात खाचराखालची दगडी भिंत कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी आमच्या काकीचं घर होतं.

आमचा पाडा जव्हारहून दाभोशाकडे जाताना लागतो. घरं उतारावर आहेत, एकाखाली एक. सगळ्यात वर भावाचं घर. त्याच्या अंगणापुढे मोठं खाचर. खाचराच्या उताराकडच्या बाजूला माणसाहून उंच भिंत, नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेली, चुना नाही की सिमेंट नाही. ती कुणी रचली ते घरात कुणाला सांगता येत नाही. भिंतीखाली काकीचा गोठा आणि गोठ्याला लागून तिचं घर. गोठ्याची मागची बाजू आणि भिंत यांच्यात एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढी जागा होती.

काकी म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलते गेले, मुली लग्न होऊन गेल्या; ती एकटी राहते. आईवडील गेल्यापासून शेती भाऊ आणि वहिनी करतात. मी जव्हारला असतो. बरीच वर्षं वर्तमानपत्रात बातमीदार होतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जीपने पाड्यावर जातो.

मोठ्या खाचराचा भात घराला वर्षभर पुरायचा. वरच्या उतारावर, वरकस जमिनीत, नागली म्हणजे नाचणी आणि वरई होते. पण भात या एकाच खाचराचा.

खाचर बांधामुळे पाणी धरतं असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. बांध फक्त बाजूने अडवतो. खालून पाणी अडवतो तो तळ. दरवर्षी आवणीआधी, म्हणजे भाताची रोपं लावण्याआधी, खाचरात पाणी घेऊन बैल फिरवतात, नांगर चालवतात, फळी ओढतात. माती कालवली जाते, तिचे कण सुटे होतात, बारीक माती खाली जाऊन बसते आणि बैलांच्या खुरांनी दाबली जाते. वर्षानुवर्षं हे एकाच खोलीवर झालं की वीतभर मातीखाली एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी सहजासहजी उतरत नाही. बैलांचा नांगर या थराच्या वरून जायचा. त्याच्या खाली काय आहे हे पाहायची वेळ कुणावर आली नव्हती.

हाच थर भावाला नडत होता. भात कापल्यावर तो खाचरातल्या ओलीवर वाल पेरायचा. वालाचं मूळ खाली जाऊन थराला टेकलं की आडवं वळायचं. संक्रांतीपर्यंत झाडं पिवळी पडायची. घाटावरच्या शेतीचे व्हिडिओ तो फोनवर बघत असे. त्यांत उन्हाळी खोल नांगरटीची शिफारस असायची: जमीन तापते, कीड मरते, मुळं खोल जातात. त्यात चुकीचं काही नव्हतं. ती माती काळी आणि खोल होती, आणि तिच्यात कुणी पाणी बांधून भात लावत नव्हतं.

त्या दिवशी मी पाड्यावर होतो. ट्रॅक्टरवाला बाहेरचा होता. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचा.

"दादा, फाळ पूरा सोडू का?"

"सोड. हात राखू नको."

"नीचे पत्थर लागला तर आपला जिम्मा नाय हां."

"पत्थर नाय रं. कडक माती हाये."

काकी खाली अंगणात नागली पाखडत होती. आवाज ऐकून ती वर आली आणि बांधावर उभी राहिली.

"एवढा खोल? विहीर काढतंस का काय?"

"तुला पानी लांबून आनाया लागतं ना काकी," भाऊ म्हणाला. "तुझ्या दारातच आनून देतो."

सगळे हसले. मीही हसलो.

फाळाने जी ढेकळं वर काढली ती वेगळ्या रंगाची होती. खाचराची वरची माती काळपट तपकिरी. ही पिवळसर, एका बाजूने सपाट, सुरीने कापल्यासारखी. मुठीत दाबून फुटत नव्हती. दगडावर आपटली तर तिचे थर पापुद्र्यासारखे सुटायचे. नांगराच्या तासाच्या तळाशी मुरूम दिसत होता. भावाने दुसऱ्या फेरीला रोटाव्हेटर लावून ढेकळं फोडून घेतली. संध्याकाळी खाचर पिठासारखं मऊ दिसत होतं. पाय घातला तर घोट्याच्या वर जात होता. वहिनी म्हणाली, "आता वाल चांगला व्हईल." भाऊ समाधानी होता.

आषाढात रोपं आवणीला आली. पाड्यावरची बाकीची खाचरं पाण्याने भरली होती. आमचं भरत नव्हतं. दिवसभर वरच्या ओहळाचं पाणी आत घ्यायचं, तेवढ्यापुरतं ते चमकायचं; सकाळी बघावं तर नुसता ओला चिखल.

आमच्याकडे खाचरातलं पाणी गेलं की पहिला संशय खेकड्यावर. खेकडा बांधात बीळ करतो आणि बिळातून पाणी जातं. ते शोधायची रीत ठरलेली आहे. पाण्यावर भाताचा कोंडा टाकायचा. कोंडा हळूहळू ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला बीळ. मग तिथे खणायचं, गवत आणि चिकट माती कोंबायची आणि टाचेने दाबायचं. आवणीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या टाचेला माती असते.

वहिनीने कोंडा टाकला. आम्ही तिघे बांधावर उभे राहून बघत होतो. कोंडा कुठेच सरकला नाही. तो जिथे पडला तिथेच राहिला आणि पाण्याबरोबर खाली खाली गेला. शेवटी चिखलावर सगळीकडे सारखा पसरलेला दिसला, मुद्दाम शिंपडावा तसा.

"खेकडा नाय हा," वहिनी म्हणाली.

"मग काय?" भाऊ म्हणाला. "दुसरं काय असनार?"

ती खाचराकडे बघत राहिली. मला त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. कशाची, ते सांगता आलं नसतं. पाणी जात होतं आणि ते कुठे जात होतं हे तिघांनाही माहीत नव्हतं.

भावाने पॉवर टिलर आणून चिखल केला. पाणी टिकेना म्हणून पुन्हा केला. मग पुन्हा. एवढं कालवल्यावर वरच्या मातीत कणांची काही रचना उरली नाही. ती पेजेसारखी झाली आणि तिचा साय धरल्यासारखा थर वर बसला. त्याने पाणी थोडं थांबलं. रोपं पिवळी पडायला लागली होती, म्हणून भाऊ आणि वहिनीने घाईत आवणी उरकली. रोपांनी मूळ धरलं. भाऊ फोनवर म्हणाला, "झालं. खेकडाच असनार. दाबला गेला टिलरखाली."

त्यानंतर मी पाड्यावर गेलो तेव्हा काकीने खालून हाक मारली.

तिच्या गोठ्यामागे, भिंतीच्या पायथ्याला, दोन दगडांच्या फटीतून पाणी येत होतं. बोटाएवढी धार. स्वच्छ. काकीने घोटभर पिऊनही बघितलं होतं.

"तुमचा खेकडा माझ्या घरी आला पाव्हना," ती म्हणाली. "पानी दारात आनतो बोलला होता तुझा दादा. शब्दाचा पक्का हाये."

पाणी गोठ्यात शिरत होतं, गाय ओल्यात उभी होती. काकीने फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि वरून माती दाबली. भाऊ खाली गेला, त्याने गवत आणि चिकण माती नेऊन तीच फट पक्की केली. धार बंद झाली. पुढच्या दिवसांत ती थोड्या अंतरावर दुसऱ्या फटीतून निघाली. तीही बुजवली. मग तिसरी. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा भिंतीच्या पायथ्याची मोठी पट्टी मातीने लिंपून झालेली होती, चूल सारवावी तशी. वरच्या खाचरात पाणी आता चांगलं उभं होतं. भात हिरवा झाला होता. बुजवल्याने पाणी टिकलं असं भावाचं म्हणणं होतं, आणि डोळ्यांना दिसतही तेच होतं. मलाही ते पटलं.

बीळ बुजवायचं, हे आमच्या हातांना लहानपणापासून माहीत आहे. या भिंतीच्या फटी बिळं नव्हत्या. भिंत सुक्या दगडांची होती ती त्यातून पाणी निघून जावं म्हणून. तळ शाबूत होता तोवर तिच्यापर्यंत फारसं पाणी येतच नव्हतं. आता खाचराचं पाणी फुटलेल्या तळातून, मुरमातून उतरून भिंतीच्या मागे साठत होतं आणि आम्ही त्याच्या वाटा एकेक करून बंद करत होतो.

श्रावण लागला. पाऊस थांबेना. जीप बंद होत्या. सुरू झाल्या तसा मी गेलो. काकीच्या अंगणातून गोठ्याकडे जाताना जमिनीवर पाणी वाहताना दिसलं. लिंपलेल्या पट्टीच्या वर, गुडघ्याच्या उंचीवर, नवी धार लागली होती. हे पाणी स्वच्छ नव्हतं. पिवळं होतं. ट्रॅक्टरच्या फाळाने वर काढलेल्या ढेकळांचा जो रंग होता, तोच. धारेखाली बारीक मातीचा छोटा ढीग जमला होता. भिंतीच्या आतली माती पाण्याबरोबर बाहेर येत होती.

मी गोठ्यामागच्या जागेत शिरलो. त्या जागेतून मी अनेक वर्षं ये-जा केली आहे. लहानपणी लपाछपीला आणि मोठेपणी काकीचे पळालेले कोंबडे धरायला. अंग आडवं करून गेलं की दोन्ही बाजूंना हवा लागायची. त्या दिवशी मध्यापर्यंत गेलो आणि छाती दगडांना टेकली. पाठ गोठ्याच्या कुडाला लागली. पुढे जाता आलं नाही. कूड होता तिथेच होता. मागे सरकताना सदऱ्याचं बटण दगडात अडकलं. ते सोडवायला हात वर घ्यायला जागा नव्हती. बटण तुटलं तेव्हा मी बाहेर आलो. भिंत ओली होती आणि कान जवळ होता म्हणून ऐकू आलं: आत कुठेतरी खडे घरंगळत होते. थांबून थांबून.

काकी अंगणात उभी होती. "काय झालं? भूत दिसला का?"

"काकी, तू वर चल."

"जेवाया?"

"राहायला."

ती हसली. मी वर गेलो आणि भावाला घेऊन खाली आलो. त्याने जागा बघितली, धार बघितली, पोट आल्यासारखी पुढे झुकलेली भिंत बघितली. तो म्हणाला, "पावसानं फुगलेय. उतरेल." मग त्याने खाली वाकून त्याच्याच हाताने बुजवलेल्या एका फटीतली माती उकरली आणि गवताची गुंडाळी ओढून काढली.

पाणी धार लागून आलं नाही. ते फेकल्यासारखं आलं, समोरच्या कुडावर आदळलं. आत गाय दचकून दाव्याला हिसका देऊ लागली. भाऊ मागे बसला. त्याच्या तोंडावर पिवळी माती उडाली होती. ती त्याने पुसली नाही.

"किती पानी हाये हे?" तो म्हणाला. त्याने हे मला विचारलं नव्हतं.

वहिनी वरून बघत होती. खाचर फोडून पाणी सोडून द्यायचं, एवढं एकच करता येण्यासारखं होतं. तेवढ्याने भिंतीमागचं पाणी लगेच ओसरणार नव्हतं, पण वरून भर पडणं थांबलं असतं. खाचर फोडायचं म्हणजे ओहळाकडचा बांध कापायचा. तिथून पाण्याबरोबर मातीही गेली असती आणि वर्षाचा भात गेला असता.

"आत्ता उभं राहिलंय रोप," वहिनी म्हणाली. "दोन दिस थांबला तर?"

"आनि हे थांबंल का?" भाऊ म्हणाला.

तिने पदर खोचला आणि फावडं घेऊन तीच पुढे झाली. दोघांनी बांध कापला. पाणी ओहळात पडायला लागलं, पहिल्यांदा काळपट, मग पिवळं. कापलेल्या जागेजवळची रोपं मुळांसकट वाहत गेली. भाऊ ती धरायला वाकला नाही. मी खाली राहून बुजवलेल्या फटी एका बाजूने मोकळ्या केल्या. प्रत्येक फट उघडताना भिंत अंगावर येईल असं वाटत होतं. काठीने गवत ओढून काढायचो आणि पळायचो. पुन्हा यायचो.

काकीला हलवणं बाकी होतं. ती तयार नव्हती. कारण तिने कोंबडी अंड्यांवर बसवली होती.

"बसलेली कोंबडी कोन हलवतो का? अंडी गार पडतील. खुडूक उतरली का परत नाय बसत ती."

"काकी, भिंत पडेल."

"मी लग्न करून आले तवापासून उभी हाये ती."

"आता वाकलेय. तू स्वतः बघ."

"मी पन वाकलेय. मी पडले का?" मग मला म्हणाली, "तू पेपरात होतास. लोकांना भिववायचा पगार मिळायचा तुला. आता फुकट भिववतोस."

वहिनी बांधावरून तशीच चिखलाच्या पायांनी आली. थेट आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती, टोपलीत पेंढा, पेंढ्यावर कोंबडी, आणि कोंबडीवर तिने स्वतःच्या डोक्यावरचं फडकं टाकलेलं होतं. अंधार झाला असं वाटून कोंबडी गप्प होती. वहिनी दोन्ही हातांनी टोपली समोर धरून, एक थेंब सांडायचा नाही अशा चालीने उतार चढायला लागली.

"अगं ए! हळू! हलवू नको! पालथी पडशील!" काकी ओरडत तिच्या मागे निघाली. भावाने गाय सोडली. मी दार ओढून घेतलं.

त्या रात्री काकी भावाच्या घरी झोपली. सकाळी भिंत उभी होती. काकीने ते दोनदा बोलून दाखवलं. पाऊस कमी झाला होता, खाचरातलं पाणी गेलं होतं, उघड्या फटींतून पिवळ्या धारा चालू होत्या. भाऊ म्हणाला, आता दोन दिवसांत मोकळी होईल.

दुपारी आम्ही जेवत होतो. आवाज मोठा नव्हता. ट्रकमधून खडी उतरवतात तसा आला आणि लांबत गेला. अंगणात येऊन बघितलं तर खाचराची कड जागेवर नव्हती. भिंतीचा मधला भाग खाली गेला होता आणि त्याच्यामागची माती, दगड, भाताच्या रांगांसकट, गोठ्यावर आणि काकीच्या घराच्या मागच्या अर्ध्या भागावर पडली होती. घराचं पुढचं दार उभं होतं. ते उघडं होतं.

मी आदल्या दिवशी ते ओढून घेतलं होतं.

वहिनीने विचारलं, "काकी कुठाय?"

काकी जेवायला बसलेली नव्हती. मागाहून जेवते म्हणाली होती. ती घरात नव्हती, परसात नव्हती. कोंबडी टोपलीत होती. भाऊ उतारावरून धावत गेला, मागे मी. तो उघड्या दारातून आत शिरला. आतली खोली पिवळ्या चिखलाने कमरेपर्यंत भरली होती. तो हाताने उपसायला लागला आणि हाका मारायला लागला. मी त्याला बाहेर ओढत होतो, कारण वर तुटलेल्या कडेवरून अजून दगड सुटत होते. तो येईना. "दार उघडं हाये," तो सारखा म्हणत होता. "दार तिनंच उघडलं." पाड्यावरची माणसं पहारी, फावडी घेऊन आली. वाटेतला एक वासा तिघांनी उचलला. त्याखाली काकीचं उशाला घ्यायचं बोचकं निघालं. ते बघून भाऊ थांबला. त्याचे हात हलायचे थांबले.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही.

"कुनाला हाका मारतंस रं एवढ्या?"

काकी रस्त्याकडच्या बाजूने येत होती. हातात मिसरीची पुडी होती. मिसरी संपली म्हणून ती जेवणाआधी खाली येऊन फडताळातले पैसे घेऊन गेली होती, दार तसंच टाकून. रस्त्यावरच्या दुकानात गप्पा मारत बसली होती. तिने घराकडे बघितलं. मग पुडी कनवटीला लावली आणि खाली बसली. भाऊ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. काकीच म्हणाली, "हात धू आधी."

त्या वर्षी मोठ्या खाचरात भात झाला नाही. दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. त्याआधी ते कधी गेले नव्हते.

उन्हाळ्यात परत येऊन त्यांनी भिंत रचली, तेच दगड वापरून. सिमेंट लावा असं पाड्यावर बऱ्याच जणांनी सुचवलं. भावाने लावलं नाही. पाणी निघायला जागा पाहिजे, एवढंच तो म्हणाला. काकीचं घर पुन्हा त्याच जागी उभं राहिलं. दुसरी जागा नव्हती आणि असती तरी ती गेली नसती.

खाचराचा तळ मात्र रचून होणारा नव्हता. जव्हारला माझ्या ओळखीचे एक मृदाशास्त्र शिकलेले गृहस्थ आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, असा थर मोडायला एक सकाळ पुरते. परत बसायला किती वर्षं लागतील ते मातीवर आणि मशागतीवर अवलंबून आहे, आकडा सांगणार नाही. शिवाय रोटाव्हेटरने जे पीठ झालं त्याचे कण पुन्हा एकमेकांना धरायला मुळं, शेण, गांडुळं आणि वेळ लागतो. यात घाई केली तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

भिंत रचल्यावर पहिल्या वर्षी भावाने खाचरात पाणी न बांधता नागली लावली. खोडाळ्याच्या बाजारात वहिनीच्या माहेरची माणसं भेटली, त्यांनी ते ऐकून विचारलं, "खाचरात नागली? मग भात काय आंब्यावर लावला का दाजी?" भाऊ हसला नाही. पाऊस पडला की त्या पिठासारख्या मातीवर पापडी धरायची आणि रोपांना जखडायची. वहिनी खुरपीने ती फोडत बसायची. नागली बेताची आली. त्यानंतर पेरलेला वाल मात्र उत्तम आला. मुळं खोल गेली. भावाला नांगरट करताना जे हवं होतं तेच झालं होतं. त्याने वालाच्या शेंगा काकीकडे नेऊन दिल्या आणि परत आला.

दुसऱ्या वर्षी वहिनीच्या भावाने खोडाळ्याहून टेम्पोत घालून बैल आणले. पाड्यावर आता बैल फारसे कुणाकडे नाहीत, टिलर आहेत. बैल खाचरात नुसते फिरवले, गुडघाभर चिखलात, कडेपासून मध्यापर्यंत, आणि पाणी लगेच सोडून दिलं. भिंतीजवळची पट्टी वगळली. पाऊस ओसरल्यावर भावाने पहार घेतली आणि जागोजाग हाताच्या जोराने खुपसून बघितली. काही ठिकाणी ती वीतभर जाऊन अडायची. काही ठिकाणी अर्धी आत जायची, कुठेच न टेकता. अशा ठिकाणी तो पहार काढून बाजूला उभा राहायचा, पुन्हा पाय टाकायला कचरायचा. मी त्याला त्या जमिनीवर असं चालताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

भिंत पडल्यापासून काकी पावसाळ्यात वर झोपायची, दिवसा खाली असायची. या वर्षी ज्येष्ठात ती म्हणाली, आता पुरे, मी माझ्या घरी झोपनार. त्याच आठवड्यात भाऊ म्हणाला की या वर्षी खाचरात पाणी बांधून भात लावायचा. पुन्हा भट्टीवर जायचं नाही. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. मी दोघांना दोन्ही गोष्टी एका वर्षी नको असं सांगितलं.

"मग पानी त्याला सोडाया सांग," काकी म्हणाली. "मी का हलू? मी काय नांगरलं होतं?"

भाऊ म्हणाला, "अर्धं बांधतो. भिंतीकडचं कोरडं ठेवतो." त्याने खाचराच्या मधोमध नवा बांध घातला आणि वरच्या अर्ध्यात आवणी केली.

आज सकाळपासून जव्हारला पाऊस आहे. दाभोशाकडच्या जीप निघालेल्या नाहीत. दुपारी वहिनीचा फोन लागला. तिने सांगितलं की वरच्या अर्ध्यात कालपासून पाणी उभं आहे, भिंतीच्या पायथ्याला ओल आलेली आहे, भाऊ तिथे गेला आहे आणि काकी खाली तिच्या घरात आहे.